पार्सलवरचा तो नववा आकडा

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तोच मेसेज फिरतोय, की पार्सलचा खोका फेकायच्या आधी बारकोड खरवडून काढा, त्यात तुमचा पत्ता असतो. अहो, पत्ता त्या बारकोडच्या शेजारीच ठळक छापलेला असतो, तो खरवडा आधी! स्पीड पोस्टच्या उभ्या रेघांमधे नुसता नंबर असतो, कुठून आलं कुठे चाललं ते सगळं पोस्टाच्या कॉम्प्युटरमधे त्या नंबरासमोर.

नंबर असा दिसतो: ईएम १२३४५६७८५ आयएन. हा साचा जागतिक टपाल संघटनेचा (ऑफिस स्वित्झर्लंडमधे बर्नला, स्थापना १८७४). पुढची दोन अक्षरं सेवेची, शेवटची दोन देशाची, मधे आठ आकडे अनुक्रमांक, म्हणजे एका अक्षरजोडीला १० कोटी नंबर. आणि नववा आकडा? तो कुणी देत नाही, तो आधीच्या आठांमधून निघतो, आणि खरी मजा तिथेच आहे.

आठ आकड्यांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं आणि बेरीज करायची. आपल्या नंबरात ८+१२+१२+८+१५+३०+६३+५६ = २०४. त्याला ११ ने भागलं की बाकी ६, मग ११ मधून ६ गेले, उरले ५. झाला नववा आकडा! आता काउंटरवर घाईत कुणी ३४ च्या जागी ४३ टाइप केलं तर बेरीज २०६ होते, बाकी ८, म्हणजे शेवटी ३ पाहिजे होता पण आहे ५, कॉम्प्युटर लगेच नंबर नाकारतो. साधी बेरीज केली असती तर ३४ काय आणि ४३ काय, सारखंच, म्हणून शेजारच्या जागांचं वजन, म्हणजे गुणायचा आकडा, वेगळं ठेवलंय. आणि ११ का, तर ती मूळ संख्या आहे, एखादा आकडा चुकला की बेरजेत फरक होतो त्या चुकीचा आणि त्या जागेच्या वजनाचा गुणाकार, दोन्ही ११ पेक्षा लहान, मग त्याला ११ ने भाग जाणारच नाही, बाकी बदलतेच. (अंकज्योतिषवालेही आकड्यांची बेरीज करतात म्हणा, पण त्यांचं उत्तर चुकलं हे कुठलं मशीन सांगत नाही.)

एक फट मात्र आहे. बाकी १ आली तर उत्तर १०, ते एका घरात बसत नाही म्हणून ० लिहितात. बाकी ० आली तर ११, तिथे ५ लिहायचं ठरलंय. म्हणजे बाकी ० असो की ६, नववा आकडा ५च! वरच्या नंबरात सहाव्या जागी ६ ऐवजी ७ टाका, बेरीज २०९, बाकी शून्य, शेवटी परत ५. चूक आहे, पण ही गाळणी ती सोडून देते. करून बघा कागदावर.