सहाशे मीटरचा रस्ता आणि वीस महिन्यांचे पाय

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरापासून ट्रॅफिक पार्क ही बाग साधारण सहाशे मीटरवर आहे. मला एकटीला आठ-दहा मिनिटं पुरतात. गेल्या डिसेंबरात वीस महिन्यांच्या नातीचं बोट धरून निघाले, तर जायलाच पाऊण तास लागला. परतताना ती अर्ध्या वाटेत रस्त्यावर बसकण मारून बसली. कोपऱ्यावरचा संत्रेवाला म्हणाला, "माय, उचलून घ्या ना तिले. थकली असन पोरगी." घेतली कडेवर. पण घराच्या दारात खाली ठेवताच ती सुसाट आत पळाली आणि जेवणापर्यंत एका जागी टेकली नाही. लेक सुट्टीवर आली होती. तिनं विचारलं, "आई, बाबागाडी घेऊनच टाकू का? एवढुशा पोराला रोज किती चालता येतं गं?"

या प्रश्नाचा दुसरा भाग मोजता येतो, आणि तो मोजलाही गेला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं चित्रित करून त्यांची पावलं मोजली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाला सरासरी २३६८ पावलं, ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं! दिवसातले सहा तास मूल असं खेळतं असं धरलं, तर चौदा हजार पावलं आणि चार किलोमीटरहून जास्त अंतर होतं. धडधाकट मोठी माणसं दहा हजार पावलांसाठी मनगटावर घड्याळ बांधून फिरतात, आणि हे लेकरू सोफा, दार, देव्हारा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्येच तेवढं चालून मोकळं होतं.

म्हणजे पायांत ताकद आहे. मग रस्त्यात बसकण का?

कारण घरातलं चालणं आणि रस्त्यावरचं चालणं ही दोन निराळी कामं आहेत. घरात मूल चार-सहा पावलं टाकतं, थांबतं, वळतं, काही उचलतं, पुन्हा निघतं. विश्रांती त्या चालण्यातच विणलेली असते आणि वेग त्याचा स्वतःचा असतो. रस्त्यावर वेग आपला असतो. इथे थोडं भौतिकशास्त्र समजून घेण्याजोगं आहे. चालताना आपलं शरीर टेकलेल्या पायावरून उलट्या लंबकासारखं कमान घेत पुढे जातं. गुरुत्वाकर्षण त्याला त्या कमानीवर धरून ठेवतं. वेग फार वाढला की ही पकड सुटते आणि माणूस आपोआप पळायला लागतो. ही वेळ कधी येते, ते पायाच्या लांबीवर ठरतं. मोठ्या माणसाचा पाय ८५ सेंटिमीटरचा धरला, तर गणिताने ही मर्यादा ताशी सात किलोमीटरच्या थोडी पुढे येते. ३६ सेंटिमीटरच्या पायासाठी ती ताशी पावणेपाचच्या आसपास येते. म्हणजे मी भाजी आणायला ज्या सहज चालीनं जाते, तीच चाल माझ्या नातीसाठी चालण्याची जवळजवळ शेवटची हद्द आहे. त्यापुढे तिला धावावंच लागतं.

त्यात तिचं पाऊलही आखूड. एक वर्षाच्या मुलाचं पाऊल सुमारे २२ सेंटिमीटर पडतं, तीन वर्षांच्या मुलाचं ३३, आणि मोठ्या माणसाचं साधारण ६५. पावलांचा झपाटा मात्र उलटा: एक वर्षाचं मूल मिनिटाला पावणेदोनशेच्या घरात पावलं टाकतं, आपण शंभर-सव्वाशे. शिवाय नवं चालणारं मूल पाय फाकवून, हात वर धरून, अख्खा तळवा टेकवत चालतं. टाच आधी टेकवण्याची लकब दीड-दोन वर्षांच्या सुमाराला येते आणि लंबकाची ती काटकसरी चालही सरावानेच जमते.

चालायला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब २०१० मध्ये पीटर वेयँड या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. मूल असो की मोठा माणूस, आपल्या उंचीएवढं अंतर चालायला प्रत्येक किलो वजनामागे जवळपास सारखीच ऊर्जा लागते. हे वाचल्यावर मी वहीवर आकडे मांडले. माझी उंची नातीच्या जवळपास दुप्पट, म्हणजे त्याच सहाशे मीटरसाठी तिच्या शरीराच्या प्रत्येक किलोला माझ्या दुप्पट खर्च. माझ्या हिशेबात तो तिचा जवळपास सव्वा किलोमीटर झाला. जाऊन-येऊन अडीच.

पण एवढ्यानेही कोडं पूर्ण सुटत नाही, कारण दमलेलं मूल दारात पोचताच पळत नाही. उरलेला धागा मला जे. डब्ल्यू. अँडरसन या संशोधकांच्या निरीक्षणांत सापडला. लंडनच्या बागांमध्ये आयांबरोबर आलेली सव्वा ते अडीच वर्षांची मुलं त्यांनी पाहिली आणि १९७२ मध्ये ती निरीक्षणं छापली. आई बाकावर बसलेली असली की मूल तिच्याभोवती झकास हिंडतं, साठेक मीटरच्या आत राहतं, येतं, जातं. आई उठून चालू लागली की गाडं बिघडतं. मूल मागे येत नाही. थबकतं, हात वर करतं, "घे" म्हणतं. स्थिर आईभोवती फिरणं त्याला जमतं, चालत्या आईच्या मागे जाणं अजून जमत नाही. जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांनी यावरच बोट ठेवलं होतं: तीन वर्षांपर्यंतच्या मुलाचं उचलून घ्यायला सांगणं हे आळस किंवा हट्ट नव्हे, त्या वयाला साजेसं वागणं आहे.

दक्षिण आफ्रिका खंडातल्या कालाहारी वाळवंटात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग लोकांबद्दल मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी काढलेला हिशेब मला फार बोलका वाटतो. तिथली आई पहिली दोन वर्षं बाळाला दरवर्षी सुमारे २४०० किलोमीटर अंगावर वाहायची, तिसऱ्या वर्षी १८०० आणि चौथ्या वर्षी १२००. आयुष्यभर चालणाऱ्या या समाजातही चौथ्या वर्षापर्यंत मूल कडेवर किंवा पाठीवर असायचं. आपल्याकडे दोन वर्षांच्या पोराला "मोठा झालास ना आता" म्हणून दटावतात, ते मला पटत नाही.

मग किती चालवायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना किलोमीटरमध्ये नाहीत, मिनिटांमध्ये आहेत. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. तीन वर्षांपासून पुढे त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी. आणि बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीवर बांधून सलग एका तासापेक्षा जास्त ठेवू नये. बाबागाडी वाईट नाही, तिच्यात तासन् तास अडकून पडणं वाईट.

आमच्या घरापुरता मी काढलेला अंदाज असा: दीड वर्षाला रस्त्यावरचे दोन-तीनशे मीटर, तेही थांबत थांबत. दोनच्या पुढे अर्धा-पाऊण किलोमीटर. तिसरं सरताना कित्येक मुलं एक-दीड किलोमीटर मजेत जातात. परतीचा रस्ता मात्र नेहमी आपल्या हिशेबात धरावा. मूल जाताना सगळी ताकद खर्चून मोकळं होतं, परतीसाठी राखून ठेवणं त्याला कळत नाही.

हे सगळं नागपूरच्या हिवाळ्याला लागू. उन्हाळ्याचं गणित वेगळं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि आपल्या गुडघ्याच्या थोडं वर चेहरा असलेलं मूल त्या भट्टीच्या अगदी जवळ असतं. त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून बाहेरची हवा अंगापेक्षा तापली की उष्णता शरीरात लवकर शिरते. घामही आपल्यापेक्षा कमी येतो. सकाळी सातच्या आत काय ते फिरून घ्यावं. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून दुपट्टा टाकून ती चहूबाजूंनी झाकतात, ते तर मुळीच करू नये. आत वारा फिरत नाही आणि गाडीची पेटी होते.

पांगुळगाड्याचाही विषय निघाला. नात तो घरभर ढकलते आणि ते छानच आहे, कारण तोल तिलाच सांभाळावा लागतो. मूल आत बसवून चाकांवर फिरवायचा वॉकर ही निराळी वस्तू. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि जिन्यावरून कोसळण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. घरात पाय अनवाणी असावेत. मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० भारतीय मुलांचे तळवे तपासले होते, तेव्हा सपाट तळवे बूट-चप्पल घालणाऱ्यांत ८.६ टक्के आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के निघाले.

काही खुणा मात्र थकव्यावर ढकलू नयेत. अठरा महिने झाले तरी मूल एकटं चालत नाही, एकाच पायाने लंगडतं, सांधा सुजला आहे, तापाबरोबर पाय टेकत नाही, किंवा आधी चालणारं मूल चालेनासं झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. पाय धनुष्यासारखे वाकलेले दोन वर्षांपर्यंत दिसतातच, त्यानंतरही तसेच राहिले तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. एवढं ऊन असलेल्या आपल्या भागातही त्याची कमतरता सर्रास आढळते.

लेकीनं शेवटी घडीची हलकी बाबागाडी घेतली, स्टेशन आणि विमानतळासाठी. आमच्या गल्लीत ती चालत नाही. फूटपाथ गुडघ्याएवढा उंच, त्यावर कुठे पानठेला, कुठे स्कूटर. ट्रॅफिक पार्कला आम्ही तशाच निघतो, घरून अर्धा तास आधी. पोचल्यावर मी बाकावर बसते आणि नात हिंडते. परतताना फाटकापाशी हात वर झाले की मी काही न बोलता खाली वाकते.