पार्श्वभूमी : पेनिसिलिन जिवाणूला नेमकं कुठे गाठतं?

पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका (पेशीभोवतीचं टणक कवच) तोडतं, असं गाइडांपासून आरोग्य-पुरवण्यांपर्यंत सर्रास लिहिलेलं असतं. ढोबळमानाने ते खपून जातं. पण तयार भित्तिकेला पेनिसिलिन हातही लावत नाही. तोडायचं काम करतात ती जिवाणूची स्वतःचीच विकरं (एन्झाइम्स). पेनिसिलिन फक्त नवं बांधकाम आणि डागडुजी बंद पाडतं. हे उमगायला औषध हाती आल्यानंतर पंचवीसेक वर्षं गेली, आणि तोवर त्याच औषधाने लाखो लोक बरे होऊन घरी गेले होते.

भित्तिकेची पहिली चाहूल लागली ती नकळत. १८८४ साली हान्स क्रिस्टियन ग्राम हा डॅनिश डॉक्टर बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांचे काप तपासत होता. जिवाणू नीट दिसावेत म्हणून त्याने जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल असा क्रम लावला. काही जिवाणूंनी रंग धरून ठेवला, काहींचा धुऊन गेला. ग्रामला आपली पद्धत अपुरीच वाटत होती. आज प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टात ‘ग्राम-पॉझिटिव्ह’, ‘ग्राम-निगेटिव्ह’ असं येतं ते या रंगामुळे, आणि हा फरक मुळात भित्तिकेच्या जाडीचा आणि घडणीचा आहे, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

अलेक्झांडर फ्लेमिंगच्या वाट्याला तर असे दोन शोध आले. १९२२ मध्ये त्याने नाकातल्या शेंबडात लायसोझाइम नावाचं विकर शोधलं. ते टाकलं की काही जिवाणूंचं गढूळ द्रावण बघता बघता नितळ व्हायचं. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलातल्या त्या सुप्रसिद्ध बशीत बुरशीच्या आसपासच्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या वसाहती अशाच विरघळत चाललेल्या दिसल्या. लायसोझाइम थेट भित्तिकेच्या साखळ्या कापतं, तर पेनिसिलिन त्या सांधू देत नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात, पण त्या काळी भित्तिका कशाची बनते हेच कुणी सांगू शकत नव्हतं. पेनिसिलिन इन्फ्लुएन्झाच्या जिवाणूला मारत नाही हे फ्लेमिंगला दिसलं, म्हणून त्याने १९२९ च्या निबंधात त्याचा उपयोग सुचवला तो भलताच: बशीतले बाकीचे जिवाणू हटवून इन्फ्लुएन्झाचा जिवाणू वेगळा काढण्यासाठी!

ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४० साली औषध म्हणून पेनिसिलिन उभं केलं, ती कथा वाचकांना माहीत असते. कमी सांगितली जाते ती त्याच गटातल्या ए. डी. गार्डनरची नोंद. पेनिसिलिन मारण्याइतकं नसलं, अगदी थोडं असलं, तरी जिवाणूंचा आकार बिघडतो. ते लांबच लांब वाढतात, फुगतात, पण दुभंगत नाहीत. १९४२ मध्ये ग्लॅडिस हॉबी आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पेनिसिलिन वाढणाऱ्या जिवाणूंनाच मारतं. स्वस्थ बसलेल्यांच्या वाटेला ते जात नाही.

ही दुसरी गोष्ट दवाखान्यात महागात पडली. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग या अमेरिकन डॉक्टरांनी न्यूमोकॉकस या जिवाणूमुळे झालेल्या मेंदूज्वराच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पेनिसिलिनच्या जोडीला ऑरिओमायसिन हे दुसरं प्रतिजैविक दिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण नुसतं पेनिसिलिन दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ऑरिओमायसिन जिवाणूची वाढ थांबवतं, आणि वाढ थांबली की पेनिसिलिनला पकडायला काही उरत नाही. एकाला दोन औषधं बरी, हा हिशोब इथे उलटा बसला.

उलगड्याची सुरुवात विस्कॉन्सिन विद्यापीठात झाली. जेम्स पार्क आणि मार्विन जॉन्सन यांना १९४९ मध्ये दिसलं की पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये फॉस्फेट असलेला कसलासा पदार्थ साचत जातो. पार्कने १९५२ पर्यंत तो सोडवला. युरिडिन नावाच्या रेणूला जोडलेली एक अनोळखी शर्करा आणि तिच्या शेपटीला अमिनो आम्लं: ग्लुटामिक आम्ल एक, लायसिन एक, ॲलानिन तीन. त्यातली काही ‘डी’ घडणीची (‘एल’ची आरशातली प्रतिमा) होती, आणि प्रथिनांमध्ये तर ‘एल’ घडणीचीच अमिनो आम्लं वापरली जातात. म्हणजे हे प्रथिनाचं सामान नव्हे. मग कशाचं?

उत्तर तिकडे केंब्रिजमध्ये तयार होत होतं. मिल्टन सॉल्टन काचेच्या बारीक मण्यांबरोबर जिवाणू जोरजोराने हलवून फोडायचा आणि रिकामी टरफलं धुऊन वेगळी काढायचा. त्यांच्या घटकांची यादी आणि पार्कच्या साचलेल्या पदार्थाची यादी १९५७ मध्ये पार्क आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी शेजारी शेजारी मांडली. प्रमाणं जुळली. भित्तिकेसाठी बनवलेला माल वापराविना पडून राहतोय, कारण पेनिसिलिनने पुढचं काम अडवलंय, हा निष्कर्ष निघाला. फ्लेमिंग १९५५ च्या मार्चमध्ये वारला होता. आपले दोन्ही शोध एकाच ठिकाणी येऊन मिळतात हे त्याला बघायला मिळालं नाही. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं तेही १९५५ सालीच, म्हणजे औषध टाक्यांमधून बाहेर पडत होतं आणि ते चालतं कसं याचा उलगडा जगात अजून व्हायचा होता.

दरम्यान, १९५६ मध्ये जोशुआ लेडरबर्गने (पुन्हा विस्कॉन्सिनच!) एक देखणा प्रयोग केला. एरवी ई. कोलाय या जिवाणूला पेनिसिलिन दिलं की तो फुटतो. याने द्रावणात भरपूर साखर घातली. कांडीसारखे जिवाणू फुगत फुगत गोल झाले आणि फुटले नाहीत. त्यातला नमुना साध्या पाण्यात टाकला की फटाफट फुटायचे. आणि साखर तशीच ठेवून पेनिसिलिन काढून घेतलं, तर काही तासांत पुन्हा कांड्या दिसू लागायच्या. म्हणजे पेनिसिलिन विष नव्हे. भित्तिका गेल्यावर आत शिरणाऱ्या पाण्याचा दाब जिवाणूला मारतो. हा दाब साधासुधा नसतो. स्टॅफिलोकॉकसच्या पोटात तो हवेच्या दाबाच्या सुमारे वीसपट असतो. आपल्या पेशींना अशी भित्तिका नाही, म्हणून ॲलर्जी नसेल तर पेनिसिलिनचे मोठाले डोसही आपण पचवतो.

राहिला प्रश्न नेमक्या जागेचा. भित्तिकेची वीण बाजेसारखी आहे: शर्करेच्या लांब साखळ्या, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे अमिनो आम्लांचे आडवे टाके. टाका घालणारं विकर शेपटीतल्या शेवटच्या दोन डी-ॲलानिनना ओळखतं, टोकाचं एक काढून टाकतं आणि शेजारच्या साखळीशी गाठ मारतं. १९६५ मध्ये डोनाल्ड टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी पेनिसिलिनच्या रेणूची ठेवण या डी-ॲलानिनच्या जोडीशी मिळतीजुळती असल्याचं मांडलं. विकर फसतं, पेनिसिलिनला धरतं, त्यातलं ताणलेलं चार अणूंचं कडं उघडतं आणि औषध विकराला चिकटून बसतं. त्याच वर्षी वाइज आणि पार्क यांनीही टाक्यांचंच काम थांबतं असं दाखवलं. गार्डनरला दिसलेल्या लांबच लांब जिवाणूंचं कारण त्याहून उशिरा, १९७५ च्या सुमारास कळलं. ब्रायन स्प्रॅटने दाखवलं की पेनिसिलिनला धरणारी प्रथिनं अनेक आहेत, आणि त्यातलं दुभाजनाचं प्रथिन तेवढं अडलं की जिवाणू वाढतो पण तुटत नाही.

जिवाणूंनी शोधलेल्या पळवाटाही याच जागेभोवती आहेत. पेनिसिलिनचं कडं आधीच फोडणारं विकर चेन आणि अब्राहम यांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये सापडलेल्या एमआरएसएने (पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसने) टाके घालायला असं वेगळं प्रथिन आणलं, ज्याला ही औषधं धड चिकटत नाहीत. व्हॅन्कोमायसिन हे दुसरं प्रतिजैविक विकराला सोडून थेट डी-ॲलानिनच्या जोडीलाच झाकून टाकतं. तेव्हा १९८० च्या दशकात एन्टेरोकॉकस या जिवाणूने टोकाचं ॲलानिन बदलून तिथे लॅक्टिक आम्ल बसवलं.

पण नुसते टाके थांबल्याने जिवाणू फुटतो, हेही पूर्ण खरं नाही. १९७० मध्ये अलेक्झांडर टोमाझ आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकसचा एक प्रकार दाखवला ज्यात भित्तिका कापणारं स्वतःचं विकर कामच करत नव्हतं. पेनिसिलिन दिलं, तर त्याची वाढ थांबली. तो फुटला मात्र नाही. एरवी जिवाणू वाढताना जुनी वीण थोडी थोडी कापत असतो आणि नवी घालत असतो. पेनिसिलिन आल्यावर कापणं चालू राहतं, घालणं बंद. २०१४ मध्ये ई. कोलायवरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: टाके अडले तरी साखळ्या बनत राहतात, न बांधलेल्या म्हणून लगेच कापल्या जातात, पुन्हा बनतात, पुन्हा कापल्या जातात, आणि या फुकटच्या फेऱ्यात पेशीचा भित्तिकेसाठीचा सगळा माल संपत जातो.