मासे विकताय? अन्न नोंदणी कुणाला लागते, कागद कोणते आणि बर्फाचं काय

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मासे विकणाऱ्या आत्याच्या ओट्यामागे बसून मी तिचा अन्न नोंदणीचा अर्ज मोबाईलवरून भरला. शेजारच्या बाईने याच कामासाठी एजंटला दीड हजार मोजले होते. सरकारी फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती.

आधी हे पाहू की नोंदणी कुणाला लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा मच्छीमाराला त्याच्या मासेमारीपुरता लागू होत नाही. पण लिलावात माल घेऊन तो ओट्यावर, पाटीत, हातगाडीवर किंवा घरपोच विकला की तो अन्नव्यवसाय झाला. ‘आम्ही जातीचे कोळी, आम्हाला कागद कशाला?’ असं आत्याही म्हणायची. माल विकत घेऊन विकत असाल तर कागद लागतोच.

२०११च्या नियमांनी वार्षिक १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत साधी नोंदणी आणि त्यापुढे परवाना, अशी विभागणी केली. मर्यादा आणि फी बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. रोज साडेतीन हजारांचा माल वर्षात ३०० दिवस विकला तरी साडेदहा लाख होतात, त्यामुळे हिशेब आधी वहीत मांडा.

अर्ज ‘फॉस्कॉस’ या सरकारी पोर्टलवर भरायचा. व्यवसायाच्या प्रकारात किरकोळ विक्रेता किंवा फेरीवाला, आणि मालात मासे निवडायचे. पासपोर्ट आकाराचा फोटो आणि आधारसारखं ओळखपत्र लागतं. आत्याचं अडलं ते पत्त्यावर. आधारवर घरचा पत्ता आणि धंदा ओट्यावर, म्हणून विचारणा आली. ओट्याची पावती जोडल्यावर काम झालं. अशी विचारणा पोर्टलवरच दिसते, तेव्हा अर्ज भरून विसरू नका. नियमाप्रमाणे अर्ज आल्यापासून ७ दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असते. मिळालेला १४ अंकी क्रमांक ओट्यावर दिसेल असा लावायचा. जिल्हा नीट निवडा: वाशी, ऐरोली, बेलापूर ठाण्यात येतात, खारघर आणि पनवेल रायगडात. ही नोंदणी म्हणजे बसण्याची परवानगी नव्हे, ती महापालिकेकडून वेगळी घ्यावी लागते.

मोठं दुकान किंवा शीतगृह असेल तर परवान्याचा अर्ज. त्यात जागेचा नकाशा, जागेचा कागद, यंत्रांची यादी असं बरंच लागतं.

आता बर्फ. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. आत्याच्या थर्माकोलच्या पेटीत तळाला चुरा, वर बांगडे, पुन्हा चुरा असा थर असतो आणि वितळलेलं पाणी खालच्या भोकातून निघून जातं. हे पाणी तुंबून त्यातच मासे पडून राहिले की जंतू एका माशावरून दुसऱ्यावर जातात. माशाला लावायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. निळसर रंगाचा बर्फ अखाद्य असतो, तो माशावर टाकायचा नाही. ताजा मासा ० ते ५ अंशांत आणि गोठवलेला उणे १८ किंवा त्याहून खाली ठेवायचा असतो. गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, बरेचसे नुसते थांबतात. गोठवलेली कोळंबी वितळली की ते पुन्हा वाढू लागतात, म्हणून एकदा वितळलेला माल परत फ्रीझरमध्ये टाकू नका.

बांगडा, कुपा, तारली यांना तर फार जपावं लागतं. हे मासे उन्हात राहिले की जंतू त्यात हिस्टामाइन नावाचं बाधणारं द्रव्य तयार करतात आणि तळून-शिजवूनही ते जात नाही. खाल्लेल्याचं अंग लाल होतं, डोकं दुखतं, आणि माणूस म्हणतो ‘मासा बाधला’. तपासणीत साल्मोनेला आणि कॉलऱ्याचे जंतू २५ ग्रॅम नमुन्यात अजिबात सापडता कामा नयेत. त्यासाठी सुरी आणि फळी दिवसातून अनेकदा स्वच्छ पाण्याने धुवायची, आतडी वेगळ्या झाकणाच्या बादलीत टाकायची, आणि पैसे हाताळलेल्या हाताने थेट मासा कापायला घ्यायचा नाही. फॉर्मेलिन हे टिकवण्याचं रसायन तर माशाला लावायचंच नाही, त्यावर बंदी आहे.

कुठे काही अडलं किंवा तक्रार असली तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. आत्याने तो क्रमांक नोंदणीच्या कागदाखालीच खडूने लिहून ठेवलाय.