वाई–महाबळेश्वर सायकलमार्ग

सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या वाई गावापासून पसरणी घाटाने पाचगणी गाठून पुढे डोंगरधारेवरून महाबळेश्वरला जाणारा सुमारे ३२ किमी. लांबीचा डांबरी रस्ता. सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर या राज्यरस्त्याचा हा एक टप्पा. पर्यटकांच्या गाड्यांसाठी तो केवळ जाण्यायेण्याचा रस्ता असला, तरी पुणे-सातारा भागातील सायकलस्वार दमाचा अंदाज घ्यायला याच घाटात येतात. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७१५ मी., पाचगणी १,२९० मी. आणि महाबळेश्वर १,३७० मी. उंचीवर आहे. म्हणजे चढाईचा मोठा हिशेब पहिल्या बारा किमी.तच चुकता होतो.

पुण्याहून येणारे सायकलस्वार बहुधा सातारा महामार्गाने खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्याला उजवीकडे वळतात. महामार्गाचा हा भाग कंटाळवाणा आणि धोक्याचा. परतताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तिथे मागचा लाल दिवा भर दुपारीही हवा. स्वारगेटपासून वाई सुमारे ९० किमी. पुणे–पाचगणी–पुणे ही फेरी २०० किमी.च्या घरात जात असल्याने साडेतेरा तासांत २०० किमी. पुरी करायच्या ब्रेवेसाठी (ठरल्या वेळेत लांब अंतर कापायच्या सायकलफेरीसाठी) ती सोयीची पडते. पण ज्यांना रस्ता पाहायचा आहे, त्यांनी सायकल गाडीवर टाकून वाई गाठावी आणि पहाटे तिथून निघावे, हे उत्तम. सुरूर ते वाई या पट्ट्यात दुतर्फा जुने वड होते. आता तिथे सलग सावली राहिलेली नाही. बाजूला ऊस आणि हळद. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाने खचाखच भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात एकदम समोर येतात. या मार्गावर घाटातल्या वळणांपेक्षा त्यांचेच भय अधिक.

वाईत कृष्णेवर दगडी घाटांची रांग आहे. गणपती आळीतील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याची मागची भिंत नावेच्या नाळेसारखी निमुळती काढली आहे, ती पुराचे पाणी दुभंगून बाजूने जावे म्हणून. मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून उभे राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. सायकलमार्गाच्या नोंदीत हे विषयांतर खरे. पण ज्या गावाने मराठीला विश्वकोश दिला, त्या गावावरून नुसते पॅडल मारत पुढे जाणे बरे दिसत नाही.

घाटाला लागण्याआधी पाय मोकळे करायला वाईच्या वायव्येची सपाट वाट चांगली. तीनेक किमी.वर मेणवली. नाना फडणवीसांचा चौकांचा वाडा इथे अजून उभा आहे आणि त्यामागे कृष्णेत उतरणारा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. घाटावरच्या देवळाजवळ एक भली मोठी ओतीव घंटा टांगलेली आहे. ती वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधून आली. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे मेणवलीचा घाट पुष्कळांना न जाताही ओळखीचा वाटतो. त्याच रस्त्याने पुढे धोम. इथल्या शिवमंदिरासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला असून भोवती कमळाच्या आकाराचे कुंड आहे. कुंडात पाणी भरले की कासव तरंगत असल्याचा भास होतो. धोम धरणापर्यंत जाऊन वाईत परतले, की चढाईपूर्वी वीसेक किमी. सहज होतात.

पसरणी हे घाटाच्या पायथ्याचे गाव. शाहीर साबळे यांचा जन्म इथला, १९२३ सालचा. गावाची घरे मागे पडली, की रस्ता डोंगराच्या अंगाला बिलगतो आणि मग पाचगणीच्या अलीकडच्या दांडेघर नाक्यापर्यंत त्याला सपाटी अशी नाहीच. तरीही हा घाट छातीत धडकी भरवणारा नाही. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. इंग्रजी अमदानीत हा रस्ता आखला गेला तेव्हा मोटारी नव्हत्या. बैलगाडी आणि घोड्याच्या टांग्याला न थांबता झेपेल एवढाच चढ द्यायचा, हा त्या काळच्या रस्तेबांधणीचा नियम. जनावराच्या दमाला बेतलेला तो चढ आज माणसाच्या दमालाही बरोबर बसतो. अचानक उभा होणारा तुकडा नाही, त्यामुळे सुरुवातीला धरलेली लय शेवटपर्यंत टिकते. ती धरली नाही तर मात्र वाटेतल्या बुवासाहेबाच्या मंदिरापर्यंतच मांड्या बोलायला लागतात. रोड सायकलला गिअरच्या चक्रांची पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांची जोडी असली, की नवख्यालाही न उतरता वर जाता येते. सराव असलेले घाट पाऊण-एक तासात संपवतात. पहिल्यांदा येणाऱ्याने दीड तास हाताशी ठेवावा.

चढताना वाई सतत दिसत राहते, आणि दर वळणाला आणखी लहान होत जाते. आधी देवळांचे कळस ओळखू येतात, मग नुसती नदीची रेघ, मग धोमचा जलाशय आणि त्यापलीकडे पांडवगड नि मांढरदेवीची डोंगररांग. डाव्या-उजव्या डोंगरांवर बेसॉल्टचे आडवे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात. माथ्यावर खडक बदलतो: पाचगणीचे टेबललँड म्हणजे जांभ्याचा सपाट पठारी तुकडा. जांभ्याच्या टोपीमुळेच डोंगराचा माथा झिजून टोकदार न होता सपाट राहिला. घाटाच्या कठड्यांवर माकडे बसलेली असतात आणि पर्यटकांनी त्यांना लाडावून ठेवले आहे. जर्सीच्या मागच्या खिशातून वर डोकावणारे केळे त्यांना लांबून ओळखता येते. थांबायचे असेल तर केळे आधी पोटात गेलेले बरे.

पाचगणीला घाट संपतो आणि इथेच अनेकांची फसगत होते. पुढच्या वीसेक किमी.त उंचीचा फरक जेमतेम ऐंशी मीटरचा, म्हणून लोक निवांत होतात. प्रत्यक्षात रस्ता लाटेसारखा खाली-वर होत राहतो आणि दमलेल्या पायांना हे छोटे चढ पसरणीपेक्षा जड जातात. मात्र मार्गाचा सर्वांत देखणा भागही हाच. उजव्या हाताला कृष्णेचे खोरे, डावीकडे वेण्णेचे, आणि मध्ये धारेवरून रस्ता. वाटेत भिलारचा फाटा लागतो. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ केले; घराघरांत पुस्तके मांडलेली असतात आणि कुणीही बसून वाचू शकतो. भोवती स्ट्रॉबेरीची शेते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुरेघर ते वेण्णा तलाव हा पट्टा शनिवार-रविवारी गाड्यांनी तुंबलेला असतो. तेव्हा सायकल मोटारीच्या आधी पोहोचते खरी, पण धूर गिळतच. आठवड्यातला मधला दिवस निवडणे, नाही तर सकाळी नऊच्या आत महाबळेश्वर गाठणे, हे दोनच उपाय.

पावसाचा फरक या मार्गावर जितका ठळक दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो, पाचगणीला त्याचा साधारण तिसरा हिस्सा आणि वाईत हजार मिमी.च्याही आत. जुलैमध्ये वाईहून कोरड्या रस्त्याने निघालेला सायकलस्वार दोन तासांत धुक्यात बुडतो आणि समोरच्या गाडीचे दिवे दहा पावलांवर दिसतात. दरडी, शेवाळलेले डांबर आणि ओले ब्रेक यांमुळे जून ते सप्टेंबर उतरणीला हा घाट टाळावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठण्याइतकी थंडी पडते. चढताना घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी तसेच उतरायला लागले, तर बोटे आखडून ब्रेक दाबवत नाही. वारारोधक जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे सोबत असावेत.

महाबळेश्वरहून आल्या वाटेने परत न जाता दोन वाटा फुटतात. केळघर घाटाने मेढा आणि तिथून सातारा ही वाट तुलनेने शांत, वेण्णेच्या खोऱ्यातील भातखाचरांतून जाणारी आहे. साताऱ्याहून महामार्गाने पुन्हा वाई गाठून वर्तुळ पुरे करता येते. दुसरी आंबेनळी घाटाची. प्रतापगडाचा फाटा ओलांडून ती सुमारे ४० किमी.त थेट कोकणात पोलादपूरला उतरते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला होता, त्यामुळे पावसाळ्यानंतर तिकडे निघण्यापूर्वी वाहतूक सुरू असल्याची खात्री महाबळेश्वरातच करून घ्यावी लागते.