प्राथमिक साधन आणि प्राथमिक डेटा : शब्द एक, कसोट्या दोन

गेल्या पावसाळ्यात एका मुलीच्या प्रबंधाचा खर्डा माझ्याकडे वाचायला आला. विषय मुंबईतली प्लेगची साथ आणि त्यानंतर बदललेली कामगारांची घरं. दुसऱ्या प्रकरणात, अभ्यासपद्धतीत, 'प्राथमिक स्रोत' या मथळ्याखाली एक ओळ होती : 'मुंबई प्लेग समितीचे अध्यक्ष जनरल गॅटेकर यांचा १८९७ चा अहवाल'. ती ओळ पेन्सिलीने खोडलेली, आणि तिथून एक लांब बाण खाली 'दुय्यम स्रोत' या मथळ्यापर्यंत नेलेला. तो बाण अर्थशास्त्राच्या मार्गदर्शकांचा. त्याच्या बाजूला निळ्या शाईत दुसरं अक्षर : 'हा प्राथमिकच. परत वर न्यावा.' हे इतिहासाचे सहमार्गदर्शक. तीन महिन्यांत ती ओळ चार वेळा वर-खाली झाली होती. मुलगी रडकुंडीला आलेली. 'मॅडम, दोघांत चुकतंय कोण?'

दोघांत कोणीच चुकत नव्हतं. पण आपण दोन वेगळे प्रश्न विचारतोय, हे दोघांनीही तिला सांगितलं नव्हतं, आणि याचाच मला फार त्रास होतो. मुंबईतल्या कॉलेजांमधून आलेले प्रबंध मी बरीच वर्षं वाचते आहे. हा घोळ दर दोन-तीन खर्ड्यांमागे एकात सापडतोच.

प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण म्हणजे प्राथमिक. पुस्तकं, अहवाल, वेबसाइट म्हणजे दुय्यम, हे तुम्हाला पाठ असेल. बी.ए.च्या गाइडमध्ये हेच असतं. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य या विषयांपुरतं ते ठीकही आहे. इथे कसोटी एकच : ही माहिती कोणी गोळा केली आणि कुठल्या प्रश्नासाठी? तुम्ही, तुमच्या प्रश्नासाठी गोळा केलीत तर ती प्राथमिक. दुसऱ्या कोणी त्याच्या कामासाठी गोळा केली आणि तुम्ही ती वापरलीत तर दुय्यम. माहिती जुनी की नवी, याचा इथे संबंध नाही. काल संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेला आकडासुद्धा तुमच्यासाठी दुय्यमच.

इतिहासाची कसोटी वेगळी. इतिहासकार विचारतो, ही वस्तू ज्या काळाबद्दल मी लिहितोय त्या काळातली साक्ष आहे, की नंतर कोणी त्या साक्षी वाचून केलेलं विवेचन आहे? कागद गोळा कोणी केला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. असणार तरी कसं? १८९६ साली, साथ सुरू झाली तेव्हा, मुंबईच्या मांडवी भागात जाऊन रोग्यांची यादी करणं आज कोणाला शक्य आहे? पहिल्या कसोटीवर घासलं तर भूतकाळावर काम करणाऱ्या कोणाकडेच काही प्राथमिक उरणार नाही. म्हणून गॅटेकरांचा अहवाल इतिहासकाराला प्राथमिक साधन. तो साथीच्या ऐन मध्यात, साथीशी झुंजणाऱ्या माणसाने लिहिला. अर्थशास्त्रज्ञाला मात्र त्यातले आकडे दुय्यम डेटा. ते त्याने मोजलेले नाहीत. अहवाल तोच, पान तेच.

जनगणना घेतली की हे आणखी स्पष्ट होतं. मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटली, कारण मधे प्लेग आला होता. हे दोन आकडे घेऊन मजुरीचे दर चढले का ते तपासायचं असेल, तर जनगणना हा दुय्यम डेटा. साथरोगांचा अभ्यासक तेच आकडे मृत्युदर काढताना छेदात घालतो, त्यालाही दुय्यमच. पण तुमचा प्रश्न 'सरकारने मुंबईकरांना कुठल्या रकान्यांत बसवलं, जात आणि धंदा कसा विचारला' असा असेल, तर १९०१ चा अहवाल तुमचं प्राथमिक साधन. इथे तुम्ही जनगणनेतून शहराकडे बघत नाही, जनगणनेकडेच बघताय.

म्हणजे 'प्राथमिक' हा शिक्का कागदावर जन्मतः मारलेला नसतो, तो प्रश्नाप्रमाणे ठरतो. मला एवढं एकच सांगायचं आहे, आणि नेमकं हेच विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. त्यांना याद्या देतात : अहवाल या रकान्यात, मुलाखती त्या रकान्यात. यादी पाठ होते आणि प्रश्न मागे पडतो.

घोळाची अर्धी जबाबदारी मी आपल्या परिभाषेवर टाकते. इतिहासात 'साधन' हा शब्द घट्ट रुजलेला आहे. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड काढले तेव्हापासून मराठी वाचकाला साधन म्हणजे काय ते कळतं : दप्तरातलं पत्र, सनद, महजर, हिशेबाचा कागद. समाजशास्त्रांकडे असा घरचा शब्द नव्हता. कोणी 'तथ्ये' म्हणतात, कोणी 'सामग्री', कोणी 'विदा', आणि तोंडाने सगळेच 'डेटा'. त्यात दोन्हीकडे 'स्रोत' हा शब्द शिरला आणि कुंपणच मोडलं. 'तथ्य' तर मला अजिबात मान्य नाही. तथ्य म्हणजे खरं ठरलेली गोष्ट. प्रश्नावलीतलं उत्तर हे अजून फक्त कोणीतरी दिलेलं उत्तर आहे. मी इतिहासाला 'साधन' आणि बाकीच्यांना 'डेटा' लिहायला लावते. 'स्रोत' दिसला की त्याखाली रेघ मारते.

आणि 'दुय्यम'! हा शब्द फार नुकसान करतो. आपल्या बोलण्यात दुय्यम म्हणजे कमअस्सल, दुसऱ्या दर्जाचं. त्यामुळे आपल्या प्रबंधात दुय्यम डेटा आहे हे कबूल करायची मुलांना लाज वाटते. मग ती अंधेरी स्टेशनबाहेर सव्वाशे प्रश्नावल्या भरून आणतात, घाईत असलेल्या माणसांकडून, उभ्या उभ्या. आणि त्याला 'प्राथमिक' म्हणून मान मिळतो. इकडे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी अभ्यासाला खुली असते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत सहा लाखांहून अधिक कुटुंबांची माहिती घेतली होती. एकट्या विद्यार्थ्याला हे जन्मात जमणारं नाही. स्त्रियांमधल्या रक्तक्षयावर काम करायचं असेल तर ही पाहणी सोडून स्टेशनवर जाऊन उभं राहू नका, असं मी कळकळीने सांगते. इथे 'दुय्यम' म्हणजे फक्त 'दुसऱ्याने गोळा केलेला'. माझ्या हातात असतं तर मी पद्धतीच्या प्रकरणात 'मी गोळा केलेला डेटा' आणि 'इतरांनी गोळा केलेला डेटा' असेच मथळे ठेवले असते. मुलांची निम्मी भीती तिथेच गेली असती.

आरोग्यशास्त्रात 'प्राथमिक'चे अजूनही अर्थ आहेत, ते पटकन सांगते. तिथे प्राथमिक अभ्यास म्हणजे रुग्णांवर किंवा लोकांत प्रत्यक्ष केलेला अभ्यास, आणि त्याच्या समोर असतो तो अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी घेतली. तपासणी होती ती अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी बघण्याची, आणि ती करणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा प्राथमिक अभ्यास. पण इथे उतरंड उलटी असते : उपचाराचा निर्णय घेताना नीट केलेला आढावा सहसा एकट्या अभ्यासापेक्षा वरचा धरतात. प्राथमिक ते श्रेष्ठ हे डोक्यात बसलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

इंजिनियरिंगवाले या शब्दांच्या फारसे वाटेला जात नाहीत, आणि ते बरंच आहे. त्यांनी काँक्रीटचा ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून दाबून फोडला तर ते त्याला चाचणीचा निकाल म्हणतात, बस्स. मात्र नाल्यांवर काम करणारा एक मुलगा २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस 'प्राथमिक निरीक्षण' म्हणून लिहून आला होता, कारण म्हणे तो त्या दिवशी लहान होता पण मुंबईतच होता. पाऊस हवामान खात्याने मोजला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नाही. भिजलेल्या मुलाला हा फरक कळत नाही, पर्जन्यमापकाला कळतो. त्या दिवशीची आठवण त्याने जरूर लिहावी, पण ती आठवण म्हणून.

हीच आठवण आपल्याला सगळ्यांत फसव्या जागी नेते, म्हणून इथे जरा थांबते.

समजा तुम्ही लालबागला जाऊन १९८२ च्या संपात असलेल्या एका गिरणी कामगाराची मुलाखत घेतलीत. अर्थशास्त्राच्या मार्गदर्शकांना विचारा : प्राथमिक. इतिहासाच्या मार्गदर्शकांना विचारा : प्राथमिक. दोघं एकच उत्तर देतात, आणि नेमकं इथेच विद्यार्थ्याची खात्री पटते की दोन्ही विषयांचा अर्थ एकच आहे. पण दोघांची कारणं वेगळी आहेत. पहिल्याला ती प्राथमिक, कारण तुम्ही स्वतः विचारलंत. दुसऱ्याला ती प्राथमिक, कारण आजोबा स्वतः संपात होते. आता मुलाखत द्यायला आजोबांऐवजी त्यांचा नातू बसवा. तो ऐकलेलं सांगतोय. अर्थशास्त्राच्या कसोटीवर काहीच बदललं नाही. तुम्हीच विचारलंत, डेटा प्राथमिकच. इतिहासाच्या कसोटीवर संपात काय घडलं याचं ते साधन आता खूपच पातळ झालं. पण 'गिरणगावच्या तिसऱ्या पिढीला संप कसा आठवतो' हा तुमचा प्रश्न असेल, तर नातूच तुमचा पहिला साक्षीदार, आजोबा नव्हेत. एवढा एक प्रयोग मनातल्या मनात केला तरी दोन कसोट्या कायमच्या वेगळ्या होतात. मी विद्यार्थ्यांना समोर बसवून नेहमी हाच करायला लावते.

बखरींचंही असंच. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाने त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत लिहिली. चिटणिसांची बखर शंभराहून जास्त वर्षांनी. महाराजांच्या कारकिर्दीसाठी दोघींचं वजन एक नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचं चरित्र कसं सांगितलं जात होतं, हे चिटणिसांकडूनच कळेल. बखरीला सरसकट 'प्राथमिक' किंवा सरसकट 'भाकड' म्हणणारे दोघेही मला सारखेच खटकतात.

प्राथमिक म्हणजे खरं, हा गैरसमज तर मुळापासून काढायला हवा. प्लेगच्या काळात घराघरांत झडत्या होत होत्या. रोगी सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. लोक रोगी लपवत, मृत्यूचं कारण दुसरंच सांगत, आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्यामुळे त्या वेळचे प्लेगचे आकडे खऱ्यापेक्षा कमी असणार हे धरूनच चालावं लागतं. आकडे अस्सल आहेत, त्या काळचे आहेत, आणि तरीही अपुरे आहेत. साथरोगांचा अभ्यासक त्यांत दुरुस्ती शोधेल. इतिहासकाराला त्या तुटीतच लोकांची भीती दिसेल. आमच्या मुलीला मी हेच सांगितलं : अहवाल कुठल्या मथळ्याखाली ठेवायचा हे तू ठरव, पण त्यातून नेमकं काय घेतेस ते लिही. तिने शेवटी दोन ओळी लिहिल्या. 'साथ हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांची दृष्टी समजून घेण्यासाठी हा अहवाल प्राथमिक साधन म्हणून वाचला आहे. त्यातील मृत्यूंचे आकडे इतरांनी गोळा केलेला डेटा म्हणून, नोंदी अपुऱ्या असल्याचे लक्षात घेऊन वापरले आहेत.' दोन्ही मार्गदर्शकांनी सही केली.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला मनापासून लागते. अहवाल तिने पाहिला होता का? पहिल्या खर्ड्याच्या वेळी नव्हता. दुसऱ्या एका पुस्तकात त्यातला उतारा होता, तो घेऊन तिने तळटीप मात्र थेट अहवालाची दिली होती, पान क्रमांकासह. असं करणारी ती एकटी नाही, आणि बहुतेकांना यात काही चुकतंय हेच ठाऊक नसतं. मूळ कागद डोळ्यांनी पाहिला नसेल तर तळटीपेत आधी मूळ, मग 'उद्धृत', आणि ज्या पुस्तकात तो वाचला त्याचं नाव व पान, असं लिहायचं. मूळ कागद मोडीत असेल आणि तुम्ही छापील लिप्यंतर वाचलं असेल, तर तेही सांगायचं. मी तिला काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात पाठवलं. आठ दिवसांनी ती परत आली ती वहीभर टिपणं घेऊन. पुस्तकातल्या त्या उताऱ्यात मधली दोन वाक्यं गाळलेली होती, आणि तिला हवं होतं ते त्यांतच होतं.