दगडात मुरलेलं पाणी: एक खुळा समज

सोलापुरात भुईकोट किल्ला बघताना कुणीतरी हमखास सांगतं, "दगडात पाणी असलं की तो वितळायला जास्त आच लागते." साफ उलट आहे! वरून ओतलेलं पाणी लाव्हा थिजवतं, हे खरं. पण खोलवर, दाबाखाली विरघळलेलं पाणी दगडाला धरून ठेवणारी सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी तोडतं. तुटल्या जागी हायड्रॉक्सिलची (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीची) टोकं उरतात, वितळलेल्या दगडाचा रस पातळ होतो. कोरडा ग्रॅनाइट साधारण ९५० अंश सेल्सिअसला वितळू लागतो, पाणी मुरलेला ६५०च्या आसपासच. ज्वालामुखीची काचही टक्काभर पाण्यानं शंभराहून अधिक अंश आधीच मऊ पडते. वर येताना दाब उतरतो, पाणी बुडबुड्यांतून निसटतं आणि तोच रस पुन्हा घट्ट होतो.