बरगड्यांचे जुनाट दुखणे : चिनी वैद्यकातील विचार व उपचार

छातीच्या बाजूला किंवा बरगड्यांच्या खालच्या कडेला महिनोन्‌महिने टिकणारी अथवा पुन्हा पुन्हा उठणारी वेदना पारंपरिक चिनी वैद्यकात ‘शिए-थुंग’ या नावाने स्वतंत्र व्याधी मानली जाते. आयुर्वेदातील पार्श्वशूल लक्षणांनी तिच्या जवळचा असला, तरी दोहोंची कारणमीमांसा वेगळी आहे. चिनी मताप्रमाणे यकृत व पित्ताशय यांच्या वाहिन्या दोन्ही कुशींतून जातात. म्हणून बरगडीचे दुखणे प्रथम यकृताच्या खाती मांडले जाते. यकृत या संज्ञेत प्रत्यक्ष अवयवाबरोबरच ‘छी’ या प्राणशक्तीचा प्रवाह मोकळा ठेवणे, रक्त साठवणे आणि राग आवरणे ही कार्येही येतात.

उपचार ठरतो तो वेदनेच्या जातीवरून. दडपल्यासारखी, जागा बदलणारी आणि मनस्तापाने वाढणारी वेदना छी अडल्याची खूण समजतात. एकाच जागी टोचणारी व रात्री बळावणारी वेदना, विशेषतः जुन्या मारानंतरची, साकळलेल्या रक्ताची. तोंड कडू आणि जिभेवर पिवळा थर असल्यास उष्णता व ओलावा यांचा दोष धरतात, तर थकल्यावर वाढणाऱ्या मंद दुखण्यात ‘यीन’ म्हणजे शरीराला गारवा व पोषण देणारे तत्त्व क्षीण झाल्याचे मानतात. त्यामुळे ‘कुशीत चमक निघते’ म्हणणाऱ्या आणि ‘नुसतं ठणकत राहतं’ म्हणणाऱ्या नागपूरकरांची बरगडी एकच असली, तरी त्यांचे काढे निराळे होतील.

साकळलेल्या रक्तासाठीचा प्रसिद्ध काढा ‘शुएफू झूयू थांग’ हा वांग छिंगरन (१७६८–१८३१) या वैद्याचा आहे. त्याच्या अकरा घटकांत ज्येष्ठमध आणि विदर्भातील शेतकऱ्याला तेलबी म्हणून परिचित असलेल्या करडईची फुले आहेत. छी अडल्यास ‘छायहू शूगान सान’ देतात.

सुईचिकित्सेत (ॲक्युपंक्चरमध्ये) दुखऱ्या जागेपासून दूरचे बिंदू आवर्जून निवडले जातात, आणि हीच तिची लक्षणीय बाजू आहे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस, बारीक हाडाच्या डोक्यापुढील खळग्यात ‘यांगलिंगछुआन’ आणि मनगटाच्या मागे, दोन हाडांमध्ये ‘झृगोउ’ हे बिंदू बरगड्यांसाठी रूढ आहेत. छातीवरील ‘छीमन’ सहाव्या बरगडीखालील फटीत येतो. तेथे सुई तिरपी व उथळ टोचावी लागते, कारण ती खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते.

नागपूरचा चिनी वैद्यकाशी असलेला संबंध आडवळणाचा आहे. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते, मात्र त्यांचे काम शस्त्रक्रिया व शुश्रूषेचे होते. त्याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुईचिकित्सा शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. केंद्र शासनाने तिला २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

दीर्घकालीन पाठदुखी, मानदुखी व गुडघेदुखीत सुईचिकित्सेचा माफक लाभ मोठ्या अभ्यासांत दिसला आहे. बरगड्यांबाबत तसा भक्कम पुरावा नाही. शिवाय या वेदनेमागे कूर्चेची सूज, नागीण, पित्ताचे खडे किंवा क्षयजन्य फुप्फुसावरणदाह असू शकतो. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच असल्याने अचानक उठलेली बरगडीची कळ, ताप वा धाप यांसह असल्यास, तातडीने रुग्णालयात दाखवण्याजोगी असते. काढेही निरुपद्रवी नसतात : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर काही वनस्पती रक्तस्राव वाढवतात. यकृत-पित्ताशयाच्या उष्णतेवरील ‘लुंगदान शिएगान थांग’मध्ये पूर्वी वापरल्या जाणाऱ्या ‘ग्वान मूथुंग’ या वेलीतील ॲरिस्टोलोचिक आम्लाने अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००३ मध्ये चीनने तिच्या औषधी वापरावर बंदी घातली.